वीस वर्षांचे तीन फरारी

लेहच्या हिवाळ्यात करमणूक एकच, आइस हॉकी. साडेअकरा हजार फुटांवर तळी गोठली की आमचे लडाखी जवान ड्युटी संपल्याबरोबर स्केट्स बांधतात. रात्री बुखारीभोवती वाद रंगतो: हॉकीतला सगळ्यात भारी स्केटर कोण?

पोरांचं मत ठरलेलं, कॉनर मॅकडेव्हिड. एनएचएलच्या ऑल-स्टार सोहळ्यातली सर्वांत वेगवान स्केटरची स्पर्धा त्याने चार वेळा जिंकली आहे. टोरांटोत स्थायिक झालेला माझा खडकवासल्याचा कोर्समेट मात्र बॉबी ऑरचं नाव घेतो. बचावपटू असूनही ऑर दोनदा लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवून गेला आणि डाव्या गुडघ्यापायी तिशीतच निवृत्त झाला.

नुसता वेग मोजायचा तर घड्याळ पुरे. पण स्केटच्या पात्याला खालून बारीक खोबण असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना धार. शरीराचा भार नेमक्या धारेवर टाकता आला, तरच वेग न सोडता वळता येतं. तेही नजर वर ठेवून, स्टिकला पक चिकटलेला असताना. या कसोटीवर माझं मत एकाला नाही, तिघांना जातं: अलेक्झांडर मोगिल्नी, सर्गेई फेदोरोव्ह आणि पावेल बुरे.

हे तिघं मॉस्कोच्या सीएसकेए संघात एकाच फळीत खेळले. सीएसकेए म्हणजे सोव्हिएत सैन्याचा क्लब. प्रशिक्षक व्हिक्टर तिखोनोव्ह खेळाडूंना वर्षातले बहुतेक महिने छावणीतच ठेवत. घर, बायको, मुलं, सगळं नंतर.

१९८९ मध्ये स्टॉकहोमची जागतिक स्पर्धा संपताच मोगिल्नी अमेरिकेला निघून गेला. कागदोपत्री तो सैन्याधिकारी, त्यामुळे मायदेशात त्याच्यावर पळून गेल्याचा आरोप ठेवला गेला. १९९० मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावरून फेदोरोव्ह परतलाच नाही. १९९१ मध्ये बुरेही गेला. जाताना तिघंही वीस वर्षांचे होते. पुढे मोगिल्नीने १९९२-९३ च्या एका हंगामात ७६ गोल केले, बुरेने ६०. १९९४ मध्ये फेदोरोव्ह लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

मी वर्दीतला माणूस. आर्मी ॲक्टचं कलम ३८ मला पाठ आहे आणि पोस्ट सोडून जाणाऱ्याबद्दल माझ्या मनात सहानुभूती नसते. तरी या तिघांना भगोडे म्हणताना जीभ अडखळते. त्यांचे पाय त्या छावणीच्या शिस्तीनेच घडवले, हे खरं. पण ते शत्रूसमोरून पळाले नव्हते. शिस्तीला काहीतरी कारण लागतं. सीमेवर ते समोर दिसतं. वर्षभर कुलुपात ठेवलेल्या खेळाडूला ते कुठे दिसणार?

या जानेवारीत माझ्या टेबलावर एक अर्ज आला. आमच्या सर्वांत चपळ स्केटरला सहा आठवड्यांच्या सराव शिबिराला जायचं होतं. पोस्टवर माणसं कमी, बर्फ जास्त. त्याच्या जागी जाणाऱ्या दोघांना बोलावून विचारलं. एक जण म्हणाला, “साहब, जाने दो. हम कर लेंगे।”

मी सही केली. पोरगा मार्चमध्ये परतला आणि दुसऱ्याच दिवशी पोस्टवर चढला.