गल्लींतील थाई खाणावळ

शाळेच्या वार्षिकांत खाणावळीविषयीं लेख पाहून कांहीं पालकांस नवल वाटेल. प्रवासवर्णन म्हटलें म्हणजे त्यांत राजवाडे, देवालयें व वस्तुसंग्रहालयें यांची माहिती असावी, अशी आपली समजूत असते. तीं स्थळें मींही पाहिलीं. परंतु त्यांचें वर्णन कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकांत सांपडेल. परक्या देशांतील लोक रोज काय खातात, कसे बसतात, एकमेकांस काय म्हणून हांक मारतात, हें मात्र मला एका लहानशा खाणावळींत कळलें. आणि तेथें जें कळलें त्याचा शाळेच्या मधल्या सुट्टीशीं निकटचा संबंध आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त सहकुटुंब बँकॉक येथें राहतो. त्याचें बिऱ्हाड चाव फ्राया नदीच्या पश्चिम तीरावर, थोनबुरी नांवाच्या जुन्या भागांत आहे. दोन वर्षांपूर्वीं मे महिन्याच्या सुट्टींत मी त्याच्याकडे पंधरा दिवस राहिलों. गल्लीच्या कोपऱ्यावरच ही खाणावळ होती. खालीं दुकान व वर राहतें घर, अशा जुन्या इमारतीचा तो तळमजला. पुढें घडीचीं लोखंडी दारें, आंत सहा-सात पत्र्याचीं टेबलें, प्लास्टिकचीं बैठीं स्टुलें, भिंतीवर राजाचें चित्र आणि एक मोठा पंखा, एवढाच सरंजाम. चूल आंतल्या बाजूस नसून अगदीं रस्त्यालगत होती. त्यामुळें आपलें अन्न कोण शिजवीत आहे व कसें शिजवीत आहे, हें गिऱ्हाइकास बसल्या जागीं दिसे. साठीच्या घरांतील एक बाई कढईशीं उभ्या असत आणि त्यांची सून ताटल्या आणून देई.

माझी दहा वर्षांची पुतणी या खाणावळींत माझी शिक्षिका झाली. तिनें पहिला धडा दिला तो संबोधनाचा. “काका, त्यांना ‘पा’ म्हणायचें,” ती म्हणाली. ‘पा’ म्हणजे आईची किंवा वडिलांची थोरली बहीण. परंतु अनोळखी वडीलधाऱ्या बाईसही तेथें ‘पा’ म्हणूनच हांक मारतात. वडीलधाऱ्या पुरुषास ‘लुंग’, आपल्याहून थोड्या मोठ्या माणसास ‘फी’ आणि लहानास ‘नाँग’ म्हणतात. आपण बाजारांत भाजीवालीस ‘मावशी’ म्हणतों, तोच हा प्रकार. दारावरील पाटीवर ‘रान आहान’ असे शब्द होते. ‘रान’ म्हणजे दुकान आणि ‘आहान’ म्हणजे आपला ‘आहार’! थाई लिपींत त्या शब्दाच्या शेवटीं ‘र’ च लिहितात, पण उच्चार ‘न’ असा करतात. चवीस ते ‘रोत’ म्हणतात. तो आपला ‘रस’ होय. आणि मी शिक्षक आहें असें कळतांच त्या बाई मला ‘ख्रू’ म्हणूं लागल्या. हा ‘ख्रू’ म्हणजे संस्कृत ‘गुरु’. इतक्या दूर देशीं, कढईच्या धुरांत, आपला जुना शब्द असा समोर उभा राहिला तेव्हां मनास किती संतोष झाला, तें सांगतां येत नाहीं.

त्या बाई येणाऱ्याजाणाऱ्यास एकच प्रश्न विचारीत: “किन खाव रू यंग?” शब्दशः अर्थ, “भात खाल्ला कीं अजून नाहीं?” परंतु ही नुसती चौकशी नव्हे, ओळखीच्या माणसाची विचारपूस करण्याची ती रीत आहे. कोंकणांतील एखाद्या घरीं दुपारीं गेल्यास “जेवण झालें का?” असें जें विचारतात, त्यांत आणि यांत अंतर नाहीं.

दुसरा धडा जेवण्याचा. प्रत्येकाच्या ताटलींत फक्त भात वाढतात. कालवण, भाजी, मासे हें सर्व टेबलाच्या मध्यभागीं ठेवतात व त्यांतून प्रत्येकानें एका वेळीं चमचा-दोन चमचे घ्यावयाचे असतात. आवडीचा पदार्थ एकदम पुष्कळसा वाढून घेणें असभ्यपणाचें समजतात. चमचा उजव्या हातांत धरतात. डाव्या हातांतील कांटा अन्न चमच्यांत ढकलण्यापुरता असतो. पूर्वीं थाई लोक आपल्याप्रमाणेंच हातानें जेवीत. एकोणिसाव्या शतकांत यूरोपीय कांटे-चमचे राजदरबारीं आले. थाई लोकांनीं त्यांतील आपल्या उपयोगाचें तेवढें घेतलें आणि सुरी टाकून दिली. कारण त्यांच्या स्वयंपाकांत सर्व पदार्थ आधींच बारीक चिरलेले असतात. काड्या वापरतात त्या मुख्यतः शेवयांसाठीं, कारण शेवया चिनी लोकांबरोबर आल्या.

तिसरा धडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. प्रत्येक टेबलावर चार लहान वाट्यांचा एक संच ठेवलेला होता: एकींत लाल तिखट, दुसरींत साखर, तिसरींत मिरचीचे तुकडे घातलेलें माशांचें खारें पाणी आणि चौथींत मिरची घातलेली शिरका. तिखट, गोड, खारट व आंबट या चार रुचींचा मेळ घालणें, हेंच तेथील पाककौशल्य. आणि शेवटचा हात जेवणाऱ्यानें स्वतः फिरवावा, अशी पद्धत. शेवयांचा वाडगा समोर येतांच मीं तिखटाकडे हात केला, तोंच पुतणी म्हणाली, “काका, आधीं चव घ्यायची, मग घालायचें. न चाखतां घातलें तर ‘पा’ ना वाईट वाटतें.” हा नियम मीं ध्यानांत ठेवला आणि तो वाटीपुरताच नाहीं, हें पुढें लवकरच दिसून आलें.

एके दिवशीं दुपारीं आम्ही जेवीत असतां आपल्याच देशांतील चार-पांच प्रवासी दाराशीं आले. त्यांच्यांतील एका गृहस्थांनीं आंत डोकावून नाकास रुमाल लावला, कांहीं तरी बोलले आणि सर्व मंडळी परत फिरली. बाईंना शब्द कळले नाहींत. रुमाल मात्र दिसला. त्यांनीं माझ्या पुतणीस विचारलें, “ते काय म्हणाले?” ती मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, “ते म्हणाले, आमचा भात खाऊन झाला आहे.” बाई हंसल्या व कढईकडे वळल्या. त्या उत्तराचा खरेपणा तपासण्याचें मनांत आणणारा शिक्षक मी नव्हें.

घरीं परततांना तिनें कारण सांगितलें. बँकॉकमधील शाळेंत तिचें पहिलें वर्ष होतें. आई डब्यांत चपाती व हिंगाची फोडणी दिलेली मेथीची भाजी देई. तो वास त्या मुलींस अपरिचित होता. डबा उघडला कीं शेजारच्या मुली नाकास बोट लावीत. शेवटीं ती डबा न उघडतांच घरीं आणूं लागली. एके दिवशीं ‘पा’ नें भरलेला डबा पाहिला, उघडावयास लावला, एक घास घेतला, थोडा विचार केला आणि आणखी एक घास घेऊन म्हणाली, “कडू आहे, पण भाताबरोबर चांगलें लागेल.” तिनें खोटी स्तुति केली नाहीं. तिनें चव घेतली, एवढेंच. दुसऱ्या दिवशीं मुलीनें तो डबा शाळेंत उघडला. साऱ्या मुलींनीं चाखला असें नाहीं, दोघींनीं चाखला. तेवढें तिला पुरलें.

आतां त्या गृहस्थांस ज्या वासाचा तिटकारा आला तो कशाचा, हें पाहूं. माशांचें खारें पाणी म्हणजे ‘नाम प्ला’. बारीक मासे मिठांत घालून मोठ्या पिंपांत वर्षभर किंवा अधिक काळ मुरवितात व त्याचा रस गाळून घेतात. दुसरा पदार्थ ‘कपी’: जवळ्यासारखी बारीक कोळंबी मीठ लावून, कुटून, उन्हांत वाळवून त्याचा गोळा करतात. कोंकण किनाऱ्यावर जवळा व बोंबील वाळत घालतात त्यांचें हें जवळचें नातलगच. पावसाळ्यांत समुद्र खवळला कीं ताजी मासळी मिळत नाहीं; तेव्हां मीठ आणि ऊन यांच्या साह्यानें साठविलेलें हें अन्नच किनाऱ्यावरील घरांस तारतें. ज्या वासास आपण दुर्गंध म्हणतों त्यामागें पिढ्यान्‌पिढ्यांची दूरदृष्टि असते.

आणि ज्यास आपण ‘आपलें’ म्हणतों तें तरी मुळांत कोठलें? खाणावळीच्या दाराशीं एक मुलगी मातीच्या उखळींत लांकडी मुसळानें ‘सोम ताम’ कुटीत असे. कच्च्या पपईचा कीस, मिरची, शेंगदाणे, टोमॅटो, लिंबू व माशांचें पाणी यांची ही आंबट-तिखट कोशिंबीर थाई लोकांच्या अभिमानाचा विषय आहे. परंतु पपई, मिरची, भुईमूग आणि टोमॅटो या चारही वनस्पती मूळच्या अमेरिका खंडांतील! आपली उपासाची साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंद, शेंगदाणा, मिरची आणि बटाटा हीं सर्व त्याच खंडांतून आलीं. ज्या दिवशीं आपण परकें कांहीं शिवत नाहीं असें समजतों, त्याच दिवशीं आपलें ताट सर्वांत अधिक परदेशी असतें.

हीं झाडें पूर्वेकडे आणण्यांत पोर्तुगीज जहाजांचा मोठा वांटा होता. इ. स. १५१० मध्यें पोर्तुगीजांनीं गोवा घेतलें, १५११ मध्यें मलाक्का घेतलें आणि त्याच वर्षीं सयामच्या आयुथ्या या राजधानीस आपला वकील धाडला. आयुथ्या हें नांव आपल्या अयोध्येवरून पडलें आहे. १७६७ मध्यें ब्रह्मी सैन्यानें तें नगर उध्वस्त केल्यावर तेथील पोर्तुगीज वंशाचीं कांहीं कुटुंबें थोनबुरीस आलीं. त्यांची कुडी चीन नांवाची वस्ती सांता क्रूझ चर्चच्या सभोंवतीं आजही आहे. माझ्या भावाच्या घरून तेथें चालत जातां येतें. त्या वस्तींत गव्हाचें पीठ, बदकाचीं अंडीं व साखर यांचा ‘खनोम फरांग’ नांवाचा केक अजून भाजतात. ‘फरांग’ म्हणजे आपला ‘फिरंगी’. आणि गंमत अशी कीं, थाई भाषेंत पेरूसही ‘फरांग’ च म्हणतात.

मिरचीची गोष्ट तर याहून मनोरंजक आहे. मिरची येण्यापूर्वीं तिखटपणासाठीं दोन्ही देशांत मिरीं वापरीत. थाई भाषेंत मिऱ्यास ‘फ्रिक’ म्हणत. मिरची आली आणि तिनें तें नांवच बळकाविलें; आतां मिरचीस नुसतें ‘फ्रिक’ म्हणतात आणि जुन्या मिऱ्यास ‘फ्रिक थाय’, म्हणजे ‘थाई मिरची’, असें विशेषण लावून ओळखावें लागतें. मराठींतही मिऱ्यावरूनच मिरचीचें नांव पडलें. पाहुणी घरांत आली, तिनें यजमानाचें नांव घेतलें, आणि आज तिच्यावांचून ना थाई चूल पेटते ना मराठी.

विद्यार्थी मित्रहो, त्या सुट्टीनंतर जून महिन्यांत माझ्या वर्गांत एक नवीन मुलगा आला. तो कोळीवाड्यांत राहणारा. गणितांत हुशार, पण मधली सुट्टी झाली कीं डबा घेऊन जिन्याखालीं जाऊन बसे. डब्यांत बहुधा सुक्या बोंबलाची चटणी व भाकरी असे. कोणी त्यास मारीत नव्हतें कीं शिव्या देत नव्हतें. डबा उघडला कीं बांक मात्र रिकामें होई. कांहीं आठवड्यांनीं मला दिसून आलें कीं, उत्तर येत असतांही तो हात वर करीत नाहीं. ज्यास आपला डबा लपवावा लागतो तो पुढें आपलें घर लपवितो, मग आपली बोली लपवितो, आणि शेवटीं आपली बुद्धिही लपवूं लागतो. ही हानि त्याच्या एकट्याची नाहीं. सबंध वर्गाची आहे.

त्या दिवसापासून मी मधली सुट्टी वर्गांतच मुलांबरोबर काढूं लागलों आणि माझ्या पुतणीचा नियम फळ्यावर लिहून ठेवला: ‘आधीं चव, मग मत.’ कित्येक मुलांच्या घरीं मासे वर्ज्य आहेत. त्यांनीं ते खावे असें कोणी म्हणत नाहीं. शेजारीं बसावें आणि नाक मुरडूं नये, एवढेंच मागणें आहे. एखादा पदार्थ न आवडणें हा दोष नव्हे. ‘पा’ स मेथी कडूच लागली, आणि तिनें तसें सांगितलेंही. पण डब्याच्या मालकिणीकडे पाठ फिरवून नव्हे, तिच्यासमोर बसून व दुसरा घास घेऊन.

पालकांसही एक विनंति करावीशी वाटते. “असलें डब्यांत नको, लोक हंसतील,” असें मुलांस सांगूं नये. आपल्या घरचें अन्न लाजिरवाणें आहे, हा पहिला पाठ मुलास शेजारच्या बांकावरून मिळण्यापूर्वीं अनेकदां स्वयंपाकघरांतच मिळतो. आणि मुलगा घरीं येऊन दुसऱ्याच्या डब्याविषयीं बोलूं लागला, तर “त्यांत काय होतें?” एवढेंच न विचारतां “तूं चाखलेंस का?” हेंही विचारावें.

तो मुलगा आतां तिसऱ्या बांकावर, खिडकीजवळ बसतो. डबा उघडतांना तो अजून झांकण किंचित आडवें धरतो. परंतु मागील चाचणीनंतर फळ्यावरील उदाहरण कोण सोडवील असें मीं विचारलें, तेव्हां पहिला हात त्याचा वर आला.