मुंबई ते लंडन

"लंडन आतां नऊ तासांवर आलें," असें लोक सहज म्हणतात. शाळेंत पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मीं मुलांना हें अंतर मोजावयास लावीत असें : सुमारें ७,२०० किलोमीटर. ता. ८ जून १९४८ रोजीं मुंबईहून निघालेलें 'मलबार प्रिन्सेस' विमान कैरो व जिनीव्हा येथें उतरत १० जूनला लंडनास पोंचलें. आतां मध्यें थांबणें नाहीं. येतांना सुमारें नऊ तास; जातांना पश्चिमेचा वारा समोरून येतो, म्हणून कांहीं अधिक.

गेल्या श्रावणांत वडील बंधु अत्यवस्थ झाले. त्यांचे चिरंजीव लंडनास. "नऊच तास," असें मी वहिनींस सांगून बसलों, आणि मग हिशेब सुरू झाला. तिकीट मिळालें रात्रींच्या विमानाचें. विमानतळावर तीन तास आधीं हजर व्हावयाचें. घड्याळ साडेचार तास पुढें गेलेलें. शिवाय मुंबईहून आमच्या वाईपर्यंत पावसांतून मोटारीचे सहा तास! वहिनी दर तासानें विचारीत, "आतां कोठें असेल?"

संध्याकाळीं तो दारांत उभा राहिला. बंधूंनीं डोळे उघडले.

"केव्हां निघालास रे?"

"काल दुपारीं, अप्पा."