बशीतला चहा

अंबरनाथच्या आमच्या चाळीत दर महिन्याच्या पाच तारखेला मालकांचा माणूस भाडं गोळा करायला यायचा. धोतर, टोपी, काखेत लाल वही. दारात वहाणा जोडीनं काढून ठेवायचा. आईनं दिलेला चहा बशीत ओतून, फुंकर घालून, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचा. ‘कितवीत रे तू?’ म्हणत माझ्या डोक्यावरून हात फिरवायचा आणि त्याच आवाजात आईला सांगायचा, ‘वहिनी, तीन महिने थकलेत. पुढच्या पाचला खोली सोडायला लागेल बघा.’ एका पावसाळ्यात त्यानं कोपऱ्यातल्या बिऱ्हाडाचं सामान बाहेर काढलं, तेव्हा तिथल्या म्हातारीची ट्रंक भिजू नये म्हणून स्वतः उचलून जिन्याखाली नेऊन ठेवली. त्याचा राग धड करताही येईना.

शनिवारी संध्याकाळी दूरदर्शनवर मराठी सिनेमा असे. शेजाऱ्यांच्या खोलीत मांडीला मांडी लावून ‘सामना’ बघितला तो तेव्हाच. कळला अर्धामुर्धा. पण हिंदूराव धोंडे-पाटील त्या भणंग, दारुड्या मास्तरला घरी ठेवून घेतो, खाऊपिऊ घालतो, तेव्हा मी आईकडं बघितलं. ती पडद्याकडंच बघत होती. म्हणाली, ‘अगदी आपल्या भाडेवाल्यासारखा.’

हिंदूराव झालेल्या निळू फुल्यांची नक्कल करणारे घोगरा आवाज आणि तिरकी नजर उचलतात, ते अदब मात्र सोडून देतात. हिंदूरावाची भीती त्या अदबीतच आहे. गावाचं भलं आपण केलं, कारखाना आपण उभारला. मग एक मारुती कांबळे कुठं गेला, हे हा उपटसुंभ मास्तर का उकरतोय, हे त्याला खरोखरच समजत नाही. आपण कुणाच्या तरी गोष्टीतला खलनायक आहोत, याचा त्याला पत्ताच नाही. समोर मास्तर झालेले डॉ. लागू. एक नाक-कान-घशाचे सर्जन, दुसरे पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेले. अशी जोडी तेंडुलकरांच्या संवादांना मिळाली. 1975 मध्ये हा सिनेमा बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता, हे मला फार उशिरा समजलं. आमचं बर्लिन ती दहा बाय बाराची खोली.

पुढं ‘सिंहासन’ बघितला (1979चा, मी बघितला उल्हासनगरात, मित्राच्या घरी, झिजलेल्या व्हिडिओ कॅसेटवर). त्यात तेच निळू फुले पत्रकार दिगू टिपणीस होतात. हा माणूस नुसता बघतो, ऐकतो आणि शेवटी वेड्यासारखा हसत सुटतो. हिंदूराव त्याच्यात शोधूनही सापडला नाही.

2015 मध्ये ‘बदलापूर’ आला. तोवर मी नोकरीला लागून जुना झालो होतो. सकाळी जागा मिळावी म्हणून अंबरनाथहून आधी उलटं बदलापूरला जायचं आणि त्याच लोकलमध्ये बसून परत निघायचं, हा आमचा नेम. घोडे बदलायचे म्हणून बदलापूर, ही दंतकथा आमच्याकडं पोरासोरांना पाठ. सिनेमावाल्यांनी त्या नावातून सूड काढला. लोकलच्या ग्रुपमधले सगळे आपलं गाव पडद्यावर बघायला गेले आणि ‘आपलं कायच नाय दाखवलं’ म्हणत परत आले.

मी लियाकला घेऊन परतलो. नवाजुद्दीन सिद्दीकीचा लियाक एका बाईला आणि तिच्या लेकराला मारून बसलाय, पण वागतो असा, की जणू त्या दिवशी त्याचंच नशीब फुटकं निघालं. थापा मारतो, चेष्टा करतो. पंधरा वर्षांनी आजारी होऊन तुरुंगातून सुटतो. शेवटी नायकानं केलेले खून तोच स्वतःच्या अंगावर घेतो. सूड उगवणाऱ्या वरुण धवनच्या बाजूनं आपण थिएटरात शिरलेलो असतो. बाहेर पडताना ती बाजू कुठं सुटली ते उमगत नाही. श्रीराम राघवननं ते सोडवूनही दिलेलं नाही.

त्याच वर्षी पावसात बदलापूरच्या पुलाखाली एक म्हातारा कठड्याला धरून उभा दिसला. टोपी तीच. मी हात दिला. एकेक पायरी थांबत थांबत चढलो. वर आल्यावर त्यानं माझ्याकडं निरखून बघितलं.

‘अंबरनाथच्या चाळीतला ना तू? आई बरी आहे?’

आई जाऊन चार वर्षं झाली होती. मी म्हटलं, ‘बरी आहे.’

‘चहा फार छान करायची,’ तो म्हणाला.