इमाम शाफिई: जुने मत, नवे मत

विद्वानाने आपले मत बदलले, की त्याच्या जुन्या मताचे काय होते? बहुधा ते विस्मृतीत जाते, नाहीतर प्रतिपक्षाच्या हाती पडते. इमाम शाफिईंची मात्र दोन्ही मते परंपरेने जपली आणि त्यांना नावेही दिली: इराकमधले ते ‘कदीम’, म्हणजे जुने; इजिप्तमधले ते ‘जदीद’, म्हणजे नवे. या न्यायशास्त्रज्ञाकडे आम्ही वळलो ते यामुळेच.

मुहम्मद इब्न इद्रिस अल्-शाफिई यांचा जन्म इ. स. ७६७ चा, बहुतेक चरित्रांनुसार गाझा येथला. वडील लवकर वारले. आईने त्यांना मक्केत वाढवले. मदिनेत ते इमाम मालिक यांच्यापाशी शिकले. पुढे इराकात अबू हनीफांचे शिष्य मुहम्मद अल्-शैबानी यांच्याकडून तिकडची तर्कपद्धती त्यांनी जाणून घेतली. ‘रिसाला’ या ग्रंथात त्यांनी कायद्याच्या आधारांचा क्रम लावला: कुराण, पैगंबरांची सुन्ना, समुदायाचे एकमत आणि शेवटी कियास, म्हणजे साधर्म्यावरून काढलेला निष्कर्ष. ‘मला हे बरे वाटते’ एवढ्यावरच निर्णय देण्याला त्यांचा कडवा विरोध होता.

एवढ्यावरून शाफिई कर्मठ वाटतील. पण त्याच ग्रंथात ते किब्ल्याचे उदाहरण देतात. काबा डोळ्यांसमोर असताना नमाजाची दिशा शोधावी लागत नाही. दूर असलेल्याने मात्र तारे, डोंगर, वारे या खुणांवरून ती ठरवायची. दोघांनी मनापासून शोध घेतला आणि दिशा निरनिराळ्या निघाल्या, तरी दोघांचेही कर्तव्य पार पडले! मनमानीला मज्जाव करणाऱ्या या शास्त्रात प्रामाणिक मतभेदाला अशी हक्काची जागा आहे.

तिची साक्ष आपल्याकडेही मिळते. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफिई, देशावरचे बहुतांशी हनफी. मध्यान्हीची सावली वगळून वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी झाली की शाफिईंची अस्रची वेळ सुरू होते. हनफींच्या प्रचलित मतानुसार ती दुप्पट व्हावी लागते. ऊन एकच, हिशेब दोन. आणि सुन्नी परंपरेला दोन्ही मान्य.

इ. स. ८२० मध्ये फुस्तातला शाफिई निवर्तले. त्यांचे शिष्य मुझनी यांनी गुरूंच्या मतांचा संक्षेप लिहिला, तेव्हा आरंभीच नोंदवले की आपले किंवा इतर कोणाचे अंधानुकरण करू नये, असे गुरूंनी बजावले होते. पुढच्या शतकांत बहुतेक अनुयायांनी मात्र अनुकरणच पत्करले. शरियत म्हणजे एकदाच लिहिलेला, न बदलणारा मजकूर, असे आज तिचे कैवारी सांगतात आणि टीकाकारही. त्या दोघांनी ‘कदीम’ आणि ‘जदीद’ हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहावेत, असे आम्हांस वाटते.