हवा धरलेली मॅटॅडोर

अब्बांची मॅटॅडोर विकायची की ठेवायची, हा आमच्या घरातला तीन वर्षांचा वाद. धाकटे बंधू म्हणतात, भंगारात द्या. अम्मी म्हणते, मी आहे तोवर दारात उभी राहू दे. आणि आम्ही? (उर्दूत स्वतःला 'हम' म्हणायची सवय, ती मराठीत लिहितानाही सुटत नाही.) आम्ही दोघांचंही ऐकून घेत आलो आणि दरवर्षी कागदपत्रांचा खर्च भरत आलो.

आजच्या मुलांना ही गाडी ठाऊक नसेल. आकुर्डीच्या बजाज टेम्पोनं काढलेली, मूळ घडण जर्मनीतल्या टेम्पो कंपनीची. 2005 साली बजाज टेम्पोचं नाव फोर्स मोटर्स झालं, पण आपल्याकडं मालवाहू गाडी कुठल्याही कंपनीची असो, तिला 'टेम्पो'च म्हणतात. अब्बांनी ही सेकंडहँड घेतली आणि लग्नाच्या वऱ्हाडांवर आमचं घर चालवलं. पुढं वय झालं तशी मागची बाकडी काढून तिथं फळी, गादी, स्टोव्ह आणि पाण्याचा कॅन बसवला. खिडक्यांचे पडदे अम्मीच्या जुन्या साडीचे. रॉकेल मिळेनासं झाल्यावर स्टोव्हच्या जागी छोटा गॅस आला, एवढाच काय तो बदल.

गेल्या मे महिन्यात याच गाडीतून अम्मीला रत्नागिरीकडं तिच्या माहेरी नेलं. जाताना गाडी शहाण्यासारखी चालली. परतताना साखरपा सोडून आंबा घाट चढू लागलो आणि अर्ध्या वाटेवर दोन आचके देऊन ती बंद पडली. संध्याकाळ होत आलेली. मागं आंब्यांच्या दोन पेट्या, दोन पेंगुळलेली मुलं, पुढं अम्मीची तसबीह. मोबाईलला रेंज नाही. चाकांना दगड लावले, सेल्फ मारला. पुन्हा मारला. अम्मी म्हणाली, "बस कर, बॅटरी बैठ जाएगी." हे तिला ठाऊक होतं, आम्हाला नव्हतं.

आम्ही मास्तर माणूस. दुसऱ्याला समजावून सांगण्याची सवय, विचारण्याची नाही. रस्त्याच्या कडेला उभं राहून हात करायचा म्हटलं तर तो खांद्याच्या वर जाईना. चार गाड्या गेल्या. पाचवी एसटी, कोल्हापूरची. आम्ही हात करायच्या आधीच ती थांबली.

चालकमामांनी खिडकीतूनच विचारलं, "डिझेल किती हाय?"

काटा अब्बांच्या हयातीतच बंद पडलेला. अब्बा टाकीत काडी बुडवून बघायचे. आम्ही निघताना बघितलं नव्हतं.

"हवा धरली असंल. टाकीत कमी असलं की चढाला डिझेल एका अंगाला जातं न् नळीत हवा शिरती. आता भरून बी लगेच चालू व्हायची न्हाई. वर आंब्यात गॅरेजवाल्याला निरोप देतो." प्रवासी कुरकुरत होते. मामा निघून गेले.

तासाभरानं मोटारसायकलवरून एक पोरगा आला. सोळा-सतराचा. मागं डिझेलचा कॅन. टाकीत डिझेल ओतून त्यानं इंजिनवरचं झाकण काढलं, टॉर्च दातांत धरली आणि फिल्टरवरचा स्क्रू सैल केला. मग टॉर्च काढून म्हणाला, "सर, ह्यो हातपंप. मारत राव्हा."

"किती वेळ?"

"फेस थांबंस्तोवर."

आम्ही पंप मारू लागलो. स्क्रूच्या कडेनं फेसाळ डिझेल येत होतं, बुडबुडे फुटत होते. लहानपणी अब्बा गाडीखाली झोपून म्हणायचे, "टॉर्च पकड." एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात पुस्तक. उजेड हलला की ते म्हणायचे, "जा, तू पढ़. ये काम तेरा नहीं." आम्ही खुशीनं जायचो. बी.एड. झालो, पण वडिलांच्या गाडीचा हातपंप कुठं असतो ते दुसऱ्याच्या पोरानं दाखवलं.

सवयीनं विचारलं, "कितवीत आहेस?"

"सोडली. नववीत."

"का?"

"गणित जमंना." स्क्रूवरची नजर न हलवता तो म्हणाला, "बास. आता नुसतं डिझेल येतंय."

आम्ही गणितच शिकवतो. चार वर्षांपूर्वी एका मुलाच्या वडिलांना आम्ही स्टाफरूममध्ये बोलावून सांगितलं होतं, "इसका दिमाग़ नहीं चलता, किसी काम पर लगा दो." त्या शनिवारनंतर तो आला नाही. पटावरून नाव कमी करताना आम्हाला हलकंच वाटलं होतं, हेही इथं लिहायला हवं.

तिसऱ्या सेल्फला गाडी सुरू झाली. पांढरा धूर घाटात पसरला, मुलं टाळ्या पिटत उठली. पोरगा म्हणाला, "पाच लिटर हाय. चढाला नऊचं ॲव्हरेज धरा, पुढं सपाटीला बारा. मलकापूरचा पंप गाठून वर लिटर-दोन लिटर उरंल." त्यानं डिझेलचे पैसे आणि वर शंभर घेतले. बेगमनं डझनभर आंबे पुढं केले, तर चारच उचलले.

मलकापूरला गाडी बंद न करता आम्ही टाकीत काडी घातली. त्याचा हिशेब बरोबर होता.

जूनमध्ये शाळा उघडली. जनरल रजिस्टर काढून त्या मुलाचा पत्ता उतरवून घेतला. बंधू भंगारवाल्याचा भाव घेऊन आले होते. त्यांना म्हटलं, आज गाडी लागणार आहे. गल्ली अरुंद, मॅटॅडोर नाक्यावरच उभी करावी लागली. दार त्याच्या आईनं उघडलं. पदर सावरत म्हणाल्या, "सर, आप?" मग काही वेळ दोघंही गप्प. मुलगा सांगलीत टायरच्या दुकानात आहे, जुम्म्याला येतो, असं त्यांनी सांगितलं आणि बसायला खुर्ची आणली.