स्वखुशीचे काम आणि वेठीचे काम

“पप्पा, पगार नाही की पाणी नाही, मग रविवार कशाला वाया घालवता?” अर्जांचा गठ्ठा घेऊन बसलो की मुलगी आम्हाला हटकून विचारते.

आम्ही साधे कारकून, बी.कॉम. झालेले. माहुलच्या प्रकल्पग्रस्तांच्या वसाहतीत रेशनचे, दाखल्याचे, दवाखान्याचे अर्ज लिहून देतो. शेजारी तेल शुद्धीकरण कारखाने. इथल्या हवेचा धोका २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादानेही मान्य केला. इथे अर्जांना तोटा नाही. लिहिता येणाऱ्याने लिहायचे, एवढेच आम्ही समजत होतो.

पण गेल्या महिन्यात आमचेच डोळे उघडले. वस्तीतला एक मुलगा सी.ए. झाला. तीन वर्षे मंडळाचे हिशेब तो फुकट तपासतो. यंदा तो म्हणाला, “काका, पावत्या वेळेवर द्या आणि येण्याजाण्याचे भाडे द्या.” बैठकीत एकजण कडाडला, “समाजापेक्षा पैसा मोठा झाला का?” आम्ही मान डोलावली. मुलगा काही न बोलता उठून गेला. त्याच्या शिक्षणाचे कर्ज अजून फिटायचे आहे, हे आम्हाला ठाऊक होते.

त्या रात्री झोप लागली नाही. बाबासाहेब आठवले. १९२७ साली त्यांनी ‘बहिष्कृत भारत’ काढले, तेव्हा ते डी.एस्सी. आणि बॅरिस्टर होते. पोटासाठी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत, आणि पत्राचे रकानेच्या रकाने विनामोबदला स्वतः लिहून काढीत. त्याच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले. वतनदार महाराला रात्री-अपरात्री हाक आली की जावेच लागे. तो घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्याला. मोबदला तुटपुंजा, आणि ‘नाही’ म्हणायची सोय नाही.

म्हणजे एकच माणूस स्वतः फुकट राबत होता आणि दुसऱ्यांच्या राबणुकीविरुद्ध लढतही होता. यात विसंगती नाही. शिकलेला माणूस फुकट काम करतो, कारण त्याच्या शिक्षणामागे अनेकांचे कष्ट असतात, आणि आपल्या विद्येने कुणाचे अडलेले काम सुटले याचे समाधान पगारात मिळत नाही. पण हे काम त्याने आपणहून करायचे असते. ‘नाही’ म्हणण्याचा हक्क गेला की सेवेची वेठ होते, मग हाक मारणारा पाटील असो की आपलाच माणूस.

पुढच्या रविवारी आम्ही पावत्या लावून, भाड्याचे पैसे पाकिटात घालून त्याच्या घरी गेलो. “बाळ, आमचे चुकले,” म्हणालो. त्याने वही उघडली, पैसे मोजले आणि खर्चाच्या बाजूला लिहिले : ‘प्रवास भाडे’. मग आमच्यापुढे सहीला वही सरकवली आणि हिशेबाला बसला.

बंधूभगिनींनो, तुमच्या वस्तीतही असा एखादा मुलगा, एखादी मुलगी असेल. त्यांच्याकडे काम घेऊन जाल, तेव्हा आधी विचारा, “वेळ आहे का?” जयभीम.