गुंतलेले हात

पौषातल्या एका रविवारी सकाळी मी परात पुढे घेऊन नानकटाईसाठी तूप फेसत बसले होते. रात्रीच्या थंडीने तूप थिजून रवाळ झाले होते. अशा वेळी ते तळहाताने परातीवर घासत राहावे लागते. आरंभी ते दाद देत नाही. मग हाताच्या उबेने हळूहळू सैलावते, त्याचा पिवळेपणा उतरू लागतो आणि शेवटी ते लोण्यासारखे पांढरे व हलके होते. काम अर्ध्यावर आले असताना बाहेरच्या खोलीतून हाक आली. कुणाला तरी कपाटाची किल्ली सापडत नव्हती. मी जागची न उठता सांगितले, "माझे हात गुंतलेत." पुन्हा हाक आली नाही, किल्ली बहुधा सापडली असावी. खिडकीशी उन्हात बसलेली आई मात्र माझ्याकडे पाहून हसली. त्या हसण्यात एक जुनी खूण होती. ती सांगायची तर थोडे मागे जावे लागेल.

नानकटाई हा तसा साधा पदार्थ. वाटीभर तूप, तेवढीच पिठीसाखर, दोन वाट्या मैदा, थोडा रवा, थोडे बेसन, चिमूटभर खाण्याचा सोडा आणि वासाला वेलची-जायफळ. वहीत एवढेच लिहिलेले असते. पण वहीत ऋतू लिहिलेला नसतो, आणि नानकटाईचे बरेवाईट पुष्कळसे त्याच्याच हाती असते. वैशाखात तूप पाण्यासारखे पातळ झालेले असते. ते कितीही फेसले तरी हवा धरून ठेवत नाही. मग ओव्हनमध्ये गोळे फुलण्याऐवजी पसरतात आणि एकमेकांना चिकटून बसतात. त्या दिवसांत मळलेले पीठ घटकाभर गार जागी ठेवावे लागते. श्रावणात नानकटाई चांगली होते, परंतु डब्याचे झाकण जरा सैल राहिले की दुसऱ्या दिवशी सादळते. पौष-माघात तूप फेसायला दुप्पट वेळ लागतो. त्या कष्टाचे फळ असे, की १६० अंशांच्या उष्णतेत वीसेक मिनिटांत ती फुगून येते, तिच्या माथ्यावर बारीक तडे जातात आणि तोंडात टाकताच ती विरघळते. दुर्गा भागवतांनी 'ऋतुचक्र'मध्ये महिन्यामहिन्याची झाडे, फुले आणि पाखरे न्याहाळली. माझी नजर एवढ्या दूरवर जात नाही. मला ऋतू तुपाच्या वाटीत दिसतो, नाहीतर थंडीत रात्रभर ठेवूनही न फुगलेल्या इडलीच्या पिठात.

वसंत, ग्रीष्म, वर्षा अशी सहा ऋतूंची नावे मी शाळेत पाठ केली, पण त्यांची चव मला त्याआधीच माहीत होती. आमच्या घरातले वर्ष आईच्या हातांनी पुढे सरकत असे. चैत्रात गौरीच्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ आणि पन्हे, वैशाखात गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे, आषाढात तळण, भाद्रपदात उकडीचे मोदक, आश्विनात भोंडल्याची खिरापत. खिरापत कुणाला ओळखता येऊ नये म्हणून आई दरवर्षी काहीतरी नवे योजून ठेवी आणि ते आम्हा मुलांनाही सांगत नसे. नानकटाई मे महिन्याच्या सुट्टीत होई. घरी ओव्हन नव्हता. मैदा, रवा, साखर डब्यांत भरून आम्ही कोपऱ्यावरच्या बेकरीत नेत असू. उन्हाळ्यात साजूक तुपाने पंचाईत होते हे जाणून बेकरीवाला वनस्पती तूपच आणायला सांगत असे. तिथे रांग लागलेली असायची. आपल्यासमोर आपले पीठ मळले जाई, पत्र्यांवर गोळे मांडले जात आणि पत्रे भट्टीत सरकत. आमचे पत्रे दुसऱ्या कुणाच्या डब्यात रिकामे होऊ नयेत म्हणून मी डोळ्यांत तेल घालून उभी राही. परतताना गरम डब्याचा चटका हाताला बसत असे, तरी तो डबा मी कुणाला धरू देत नसे.

अठरा-एकोणीस वर्षांची झाले तेव्हा मात्र या साऱ्याचा मला राग येऊ लागला. चार बुके वाचून झाली होती. स्वयंपाकघर म्हणजे बायकांना गुंतवून ठेवण्याची जागा, हे मला पटले होते. आणि ज्यात तथ्य असते तेच मत त्या वयात सर्वांत कठोरपणे बोलले जाते. संक्रांतीच्या आधीची एक पहाट होती. आई शेगडीपुढे हलवा करीत बसली होती. मी म्हणाले, "बाजारात पुडीभर हलवा सहज मिळतो. त्यासाठी चार-चार दिवस पहाटे उठून कशाला मरतेस?" ती काही बोलली नाही. परातीतला तिचा हात तेवढा फिरत राहिला. मी जिंकले असे मला वाटले होते.

ज्यांनी हलवा घरी होताना पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. साखरेचा पाक करताना त्यात थोडे दूध घालून वर आलेली मळी काढतात आणि तो गाळून घेतात. स्वच्छ तीळ परातीत घेऊन परात अगदी मंद शेगडीवर ठेवतात. मग चमचाभर पाक त्यावर शिंपडायचा आणि तो सुकेपर्यंत तीळ बोटांच्या टोकांनी फिरवत राहायचे. सुकला की पुन्हा चमचाभर पाक, पुन्हा बोटे. विस्तव जरा वाढला तर साखर पिवळी पडते; पाक अंमळ जास्त झाला तर तिळांचा गोळा होतो. एका दिवसात तीळ नुसता पांढरा दिसू लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याच्या अंगावर काटा उमटायला लागतो. हा काटा कोरड्या थंडीत चांगला धरतो, म्हणून पौषातली पहाट. खसखस, साबुदाणा, काकडीच्या बिया, लवंगा यांच्यावरही असाच काटा चढवता येतो, आणि त्या लहानमोठ्या दाण्यांतून नव्या नवरीचे व बोरन्हाणाच्या बाळाचे दागिने ओवले जातात.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला आईने माझ्यासाठी असे दागिने केले: हार, बाजूबंद, बांगड्या, कंबरपट्टा. काळ्या साडीवर ते पांढरे दागिने घालून माझा फोटो काढला गेला. संध्याकाळी ते एका डब्यात गेले आणि पुढच्या पावसाळ्यात पाघळून एकमेकांत मिसळले. डबा उघडला तेव्हा मला फार वाईट वाटले. इतक्या दिवसांचे तिचे कष्ट माझ्या निष्काळजीपणाने वाया गेले होते. ती म्हणाली, "साखरच ती. पावसाळ्यात पाघळायचीच. पुन्हा पौषात थंडी पडेल की."

पुढे माझा राग निवला. नोकरी, मुले, धावपळ यांत बरीच वर्षे गेली आणि ज्या गोष्टींचा मी तिरस्कार केला होता त्यांच्याच आठवणी मला गोड वाटू लागल्या. गच्चीवरचे वाळवण, पापडाच्या लाट्या पळवणे, कुरडयांचा ओला चीक खाणे यांविषयी मी भरभरून बोलू लागले. त्याच सुमारास मी छोटा ओव्हन घेतला आणि सुट्टीच्या दिवशी केक, पाव, नानकटाई करू लागले. आईची बोटे तोवर संधिवाताने वाकडी झाली होती आणि ती माझ्याकडे राहायला आली होती. एकदा पीठ मळता मळता मी तिला सहज विचारले, "आई, तुला हे सगळं करायला किती आवडायचं ना?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "वाळवणाचा मला कंटाळा यायचा. उन्हात पाठ भाजायची, कमरेत कळ यायची, आणि कावळे हाकायचे ते वेगळंच. आवडतं का, असं तेव्हा कुणी विचारलं नाही. करायलाच लागायचं." मी काही बोलण्यापूर्वी ती पुढे म्हणाली, "हलवा मात्र आवडायचा. हलव्याला बसलं की मला कुणी उठवत नसे. हात थांबला तर पाक परातीला धरतो, हे सासूबाईंना माहीत होतं. तुझ्या अण्णांनी हाक मारली तर त्याच सांगायच्या, तिचे हात गुंतलेत. वर्षातले तेवढेच चार दिवस."

या उत्तराने माझे दोन समज एकाच वेळी मोडले. त्यांतला एक अठराव्या वर्षीचा होता: तिचे सारे काम म्हणजे गुलामी. दुसरा नंतरचा: तिचे सारे काम म्हणजे आनंद. दोन्ही वेळा मी तिला न विचारताच ठरवून टाकले होते. आठवणींना गोडी लवकर येते, कारण त्या आठवणींतले पापड दुसऱ्या कुणीतरी लाटलेले असतात. आणि ज्या पहाटेला मी वाया गेलेली म्हणाले, ती तिच्या वर्षातली एकुलती एक स्वतःची वेळ होती. ती वेळ तिने मागून घेतलेली नव्हती; मागितली असती तर मिळाली नसती. ऋतूच्या आणि पाकाच्या आधाराने ती तिला लाभत होती.

तेव्हापासून मला वाटते, की छंद आणि काम यांच्यातली रेषा कृतीत शोधू नये. तेच पीठ, तीच परात, तीच शेगडी. एका दिवशी तिथे बसणे सक्तीचे असते, दुसऱ्या दिवशी आपल्या मनाचे. आपल्याकडच्या बायका पहाटे जात्यावर बसत तेव्हा दळण हे कष्टाचेच होते. तरी जाते फिरत असेपर्यंत मन मोकळे असे आणि त्या मोकळ्या मनातून ओवी येई. अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाई चौधरींची गाणी घरातल्या आणि शेतातल्या कामांच्या सोबतीने जन्मली. ती १९५२ साली पुस्तकरूपाने लोकांपुढे आली. म्हणून कष्टांचे गोडवे गावेत असे नाही. कष्टांच्या आतही माणूस स्वतःसाठी एक वीत जागा कशी राखून ठेवतो, एवढेच पाहायचे. हात गुंतले की मन सुटते, हा अनुभव त्या जागेतला आहे.

माझी जागा आईच्या जागेपेक्षा पुष्कळ मोठी आहे, याची मला जाणीव आहे. मला ओव्हनपुढे कुणी बसवलेले नाही आणि नानकटाई बिघडली तर घरात कुणी उपाशी राहणार नाही. माझे पहिले पाव विटेसारखे झाले होते. थंडीत यीस्टचे पीठ फुगायला वेळ लागतो, तेवढा धीर माझ्यापाशी नव्हता. हळूहळू मी वाट पाहायला शिकले. पीठ भिजवून ते उबदार जागी झाकून ठेवावे आणि तासभर काही करू नये. खिडकीतून शेवग्याची पानगळ पाहावी, जुन्या साड्यांच्या तुकड्यांची गोधडी चार टाके पुढे न्यावी, आईशी बोलावे. ही गोधडी गेली दोन वर्षे चालू आहे. ती कधी संपेल याची मला काळजी नाही. शेजारच्या वहिनी म्हणतात, "इतकं छान करता, ऑर्डरी का घेत नाही?" सल्ला चांगुलपणाचा आहे आणि ज्यांना त्यातून चार पैसे मिळवायचे आहेत त्यांनी जरूर मिळवावेत. पण माझ्या वर्षात निदान एक गोष्ट अशी असावी, जिचा हिशेब द्यावा लागत नाही, असे मला वाटते. आईच्या वर्षात अशी गोष्ट होती, तीही चारच दिवस.

त्या रविवारी तूप फेसून झाले, पीठ मिसळले, गोळे केले. नानकटाईच्या मधोमध बोटाने हलकासा खळगा करून त्यात चारोळी बसवायची असते. मी ताट आईच्या मांडीवर ठेवले. तिचे बोट सरळ होत नाही, त्यामुळे प्रत्येक खळगा थोडा तिरपा होत होता. मी तो नीट करायला हात पुढे केला आणि मागे घेतला. ती एकेक दाणा बसवत होती. तोंडाने काही बोलत नव्हती. परातीपुढे बसलेली तिची जुनी मुद्रा मला ओळखता आली. फरक एवढाच, की त्या वेळी मी ती पाहिली होती आणि आता ती मला दिसत होती.

एवढ्यात फोन वाजला. मावशीचा होता. "आईला दे जरा," ती म्हणाली. मी फोन घेऊन आईपाशी गेले. तिने मान वर केली नाही. चारोळीचा दाणा चिमटीत धरून ती म्हणाली, "तिला सांग, घटकाभरानं कर. माझे हात गुंतलेत."